किटलीतला सेन्सर

पहिल्या रविवारी आम्ही गाडीला हातच लावला नाही. मित्राच्या पार्किंगमध्ये एका स्टुलावर इलेक्ट्रिकची जुनी किटली, शेजारी स्टीलच्या पेल्यात बर्फ आणि पाणी, आणि दोन वायरींना लोंबकळणारा बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. तो होता इंजिनातून काढलेला कूलंटचा सेन्सर. मल्टिमीटर ओहमवर लावून एकेक आकडा वहीत उतरवत गेलो. बर्फाच्या पाण्यात ५.८ किलोओहम. बाहेर, थर्मामीटर २६ अंश दाखवत असताना, १.९५ किलोओहम. उकळत्या पाण्यात १९६ ओहम.

उकळत्या पाण्यासमोर मित्राने १०० अंश लिहिलं, ते मी खोडून ९८ केलं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. हवेचा दाब इथे ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि पाणी दोन अंश आधीच उकळतं. दोन अंशांनी गाडी बंद पडत नाही हे खरं, पण मोजायला बसलोच आहोत तर नीट मोजू.

हा उद्योग कशासाठी, ते सांगतो. मित्राची १.६ लिटरची जुनी पेट्रोल गाडी आता फक्त ट्रॅकवर पळते. (मेक सांगत नाही, भावनेचा प्रश्न आहे.) कॅम बदलला, इंजेक्टर मोठे घातले. कंपनीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, यातलं काहीच माहीत नाही आणि तो आत हात घालू देत नाही. म्हणून बाजारातला, लॅपटॉपवरून हवा तसा लावता येणारा ईसीयू आणला. त्याच्या बरोबर सेन्सरचा नवा संचही घ्या, असं विकणारा म्हणणारच. पण इंजिनावर बसलेले सेन्सर फेकायचं कारण काय? आटे त्यांचे बरोबर बसतात, कपलर त्यांचेच आहेत, आणि इंजिनाची उष्णता, थरथर, तेल हे सगळं त्यांनी पंधरा-वीस वर्षं सोसून दाखवलं आहे. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त सेन्सरना ही परीक्षा अजून द्यायची आहे.

अडचण एकच. सेन्सरला तापमान कळत नाही. त्याच्या पोटातल्या थर्मिस्टरचा रोध उष्णतेने कमी होतो, एवढंच. ‘३२३ ओहम म्हणजे ८० अंश’ हे ज्ञान सेन्सरमध्ये नव्हतं, ते जुन्या ईसीयूच्या मेमरीत होतं. ईसीयू काढला की ते ज्ञानही गेलं. सेन्सर पुन्हा वापरायचा म्हणजे त्याच्या बोलण्याचा अर्थ आपण नव्याने लावून द्यायचा. पुढचं बहुतेक काम हेच आहे.

ईसीयू रोध थेट मोजत नाही, तो व्होल्टेज मोजतो. त्याच्या आत ५ व्होल्टला जोडलेला एक ठरावीक रोधक असतो, त्याला पुल-अप म्हणतात. करंट त्यातून निघतो, सेन्सरमधून जातो आणि अर्थला मिळतो. दोघांच्या मधल्या बिंदूवर ईसीयू डोळा ठेवून असतो. अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी हौशी लोकांसाठी बनवलेल्या मेगास्क्वर्ट या ईसीयूमध्ये हा रोधक २४९० ओहमचा आहे. बॉशचा नेहमीचा कूलंट सेन्सर २० अंशांना २५०० ओहम दाखवतो. म्हणजे त्या तापमानाला दोघांत जवळजवळ निम्मी वाटणी होते आणि मधे अडीच व्होल्ट मिळतात. इंजिन ८० अंशांना पोचलं की सेन्सर ३२३ ओहमवर येतो आणि व्होल्टेज ०.५७. सेन्सरचा तक्ता आणि पुल-अपची किंमत या दोन गोष्टी मिळून अर्थ तयार होतो. एक जरी चुकली तरी सगळंच चुकतं.

किती चुकतं ते बघा. फोर्डच्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांमधला कूलंट सेन्सर २० अंशांना सुमारे ३७ किलोओहम असतो आणि १०० अंशांना २ किलोओहमच्या जरा वर. तोच २ किलोओहम बॉशचा सेन्सर २५ अंशांना देतो. फोर्डचा सेन्सर लावून बॉशचा तक्ता तसाच ठेवला तर इंजिन उकळत असताना ईसीयू समजतो की गाडी सावलीत उभी आहे. पंखा लागणार नाही, वर थंड इंजिनासाठीचं जादा पेट्रोल चालूच राहील. दोन्ही सेन्सर दिसायला सारखे, दोघांनाही दोनच वायरी. ‘बसतोय ना, मग चालेल’ हे इथे चालत नाही.

तक्ता मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर किटली आहेच. तीन तापमानांचे तीन आकडे पुरतात, कारण थर्मिस्टरची वक्ररेषा तीन स्थिरांकांच्या समीकरणात बऱ्यापैकी बसते. स्टाइनहार्ट आणि हार्ट यांनी ते समीकरण १९६८ मध्ये खोल समुद्रावरच्या एका शोधपत्रिकेत मांडलं होतं. समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजायला काढलेलं सूत्र आज बऱ्याच ट्यूनिंग सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. आपण तीन जोड्या भरायच्या, मधले आकडे ते काढतं. फक्त बर्फ नुसता ठेवू नका, पाण्यात घालून ढवळा. फ्रीजमधून काढलेला कोरडा बर्फाचा खडा शून्याच्या बराच खाली असतो. आणि सेन्सर किटलीच्या तळाला टेकू देऊ नका.

इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सरही याच जातीचा, त्याला तीच किटली. फरक जागेचा. इनटेकच्या तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये तो बसवला असेल तर सिग्नलला उभ्या गाडीत तो हवेपेक्षा धातूचंच तापमान सांगत राहतो. शक्य असेल तर थ्रॉटलच्या आधीच्या रबरी नळीत न्यावा.

एक उपयोगी खूण. कपलर निघाला किंवा वायर तुटली की करंटला वाट उरत नाही, मधला बिंदू थेट ५ व्होल्टवर जातो आणि लॅपटॉपवर उणे ४० अंश दिसतात. मे महिन्यात पुण्यात उणे ४० दिसलं की हवामान खात्याला दोष देऊ नये, कपलर बघावा.

आता एक मोह. पुष्कळ जण जुना ईसीयू काढत नाहीत. मीटरचे काटे, एसी, इमोबिलायझर त्याच्यावरच चालत असतात. मग नवा ईसीयू शेजारी बसवून सेन्सरच्या वायरीला फाटा मारायचा, म्हणजे एक सेन्सर दोघांना. प्रेशर किंवा थ्रॉटलच्या सेन्सरला हे बहुधा चालतं, कारण ते स्वतः व्होल्टेज देतात. थर्मिस्टरला नाही चालत. दोन्ही ईसीयूंचे पुल-अप आता एकाच सेन्सरला ५ व्होल्ट ढकलतात. दोन्ही २४९० ओहमचे धरले तर मिळून १२४५ झाले. इंजिन ८० अंशांवर असताना मधे ०.५७ ऐवजी १.०३ व्होल्ट मिळतात आणि ईसीयूला तो सेन्सर ६४६ ओहमचा वाटतो. म्हणजे ५८ अंश. दोन्ही ईसीयू मिळून समजतात की इंजिन अजून गरम व्हायचं आहे. एव्हरेज का गेला म्हणून माणूस इंजेक्टर साफ करत बसतो. उपाय दोनच: एका ईसीयूचा पुल-अप तोडा, किंवा इंजिनवर दुसरा सेन्सर बसवा. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. वीस वर्षांपूर्वीच्या सर्किट बोर्डावर सोल्डरिंग गन घेऊन बसण्यापेक्षा एक टी-जॉइंट बरा.

अर्थिंगचंही आत्ताच सांगून टाकतो, कारण ती चूक सगळ्याच सेन्सरना भोवते. सेन्सरची परतीची वायर इंजिन ब्लॉकला जोडू नका. तिला ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंडच्या पिनपर्यंत वेगळं न्यायचं. ब्लॉकमधून सेल्फचा, अल्टरनेटरचा, कॉइलचा करंट परततो आणि त्याची पातळी काही दशांश व्होल्टनी वरखाली होत असते. सेन्सरच्या दृष्टीने ही जमीनच हलते. एमपीएक्स ४२५० नावाच्या, या ईसीयूंमध्ये सर्रास दिसणाऱ्या प्रेशर सेन्सरचं व्होल्टेज एका किलोपास्कलमागे २० मिलिव्होल्टनी बदलतं. जमीन ०.१ व्होल्टने हलली की ५ किलोपास्कलची चूक. पंखा लागला की आयडल ढासळतो, त्यामागे अनेकदा एवढंच असतं.

प्रेशर सेन्सर, म्हणजे मॅप सेन्सर, इनटेक मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब सांगतो. त्याला तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. दाब आणि व्होल्टेज यांचं नातं सरळ रेषेचं, म्हणून दोन बिंदू पुरतात. पहिला फुकट आहे. इंजिन बंद, फक्त चावी ऑन, त्या वेळी सेन्सरवर बाहेरच्या हवेचाच दाब असतो. पुण्यात ९५, मुंबईत १०१, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. मोबाईलच्या हवामान ॲपमधला आकडा इथे वापरू नका, तो समुद्रसपाटीला नेऊन दुरुस्त केलेला असतो. आमचा मित्र त्यावरून १०१ भरून मोकळा झाला होता. दुसरा बिंदू हाताच्या व्हॅक्यूम पंपाने. गेजवर ५० किलोपास्कल ओढले की आत ४५ उरले. दोन व्होल्टेज, दोन दाब, रेषा तयार.

हवा किती आत जाते ते मोजायची दुसरी रीत म्हणजे एअर-फ्लो सेन्सर. तो पुन्हा वापरता येतो, पण बहुतेक हौशी मंडळी काढून टाकतात. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ ची गोष्ट यात बोलकी आहे. या गाडीवर बाहेरचे ईसीयू बसवणारे जगभर असंख्य. १.६ लिटरच्या त्या इंजिनात हवेने ढकलल्या जाणाऱ्या झडपेचा मीटर होता. तो काढून मॅपवर गेलं की वाट मोकळी होते, पण हवेच्या तापमानाचा सेन्सर त्या मीटरच्या डब्यातच असतो, तोही त्याच्याबरोबर जातो. वर त्या गाडीतला थ्रॉटल सेन्सर म्हणजे नुसते दोन स्विच: पाय काढला आणि पूर्ण दाबला. मधलं काही त्याला कळतच नाही. त्यामुळे तिथे कूलंटचा सेन्सर राहतो, थ्रॉटलचा बदलावा लागतो आणि हवेचा नव्याने घालावा लागतो. एखादी वस्तू काढण्याआधी तिच्या पोटात आणखी कोण राहतं ते बघावं.

आमच्या गाडीचा थ्रॉटल सेन्सर साधा पोटेन्शिओमीटर निघाला. पाय काढून एक आकडा, पूर्ण दाबून दुसरा, पाच मिनिटांत काम संपलं. फक्त हळूहळू पेडल दाबत लॅपटॉपवरची रेष बघा. मधे कुठे अचानक दात पडल्यासारखी तुटली, तर आतली पट्टी झिजली आहे. तो बदलाच.

खरा जीव क्रँक सेन्सरमध्ये. बाकी कोणी खोटं बोललं तर गाडी वाईट चालते, हा खोटं बोलला तर ठिणगी भलत्या वेळी पडते आणि पिस्टनला भोक पडू शकतं. आमच्या क्रँकवर साठ दातांची चकती होती, त्यातले दोन गायब. साठ वजा दोन ही बॉशच्या घराण्यातली रीत, फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत छत्तीस वजा एक. साठची असेल तर प्रत्येक दात सहा अंशांचा. ईसीयू एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचा वेळ मोजत राहतो. गाळलेल्या जागेशी तो वेळ एकदम तिप्पट होतो आणि ईसीयूला कळतं की क्रँक आता अमुक ठिकाणी आहे. ६००० आरपीएमला सेकंदाला शंभर फेऱ्या होतात, दोन दातांमध्ये १६७ मायक्रोसेकंद मिळतात. त्यात एक दात चुकीचा मोजला तर सहा अंश गेले.

सेन्सर दोन जातींचे. हॉल सेन्सरला तीन वायरी असतात आणि तो स्वच्छ चौकोनी सिग्नल देतो. पण तो व्होल्टेज देत नाही, वायर फक्त खाली खेचतो. तिला वर ओढून धरणारा पुल-अप जुन्या ईसीयूत होता, तो आता आपण द्यायचा. अनेक नव्या ईसीयूंमध्ये सॉफ्टवेअरमधून तो चालू करता येतो. आर्डुइनो मेगावर उभ्या असलेल्या स्पीडुइनोसारख्या स्वस्त बोर्डात तुम्हालाच एक रोधक लावावा लागू शकतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत तो चिल्लरमध्ये मिळतो.

दुसरी जात व्हीआर. हा नुसता लोहचुंबक आणि त्याभोवती कॉइल. पॉवर लागत नाही, वायरी दोन, कॉइलचा रोध बहुधा काहीशे ते हजार ओहम. दात जवळ आला की व्होल्टेज चढतं, दूर गेला की उलट उतरतं, आणि दात बरोबर समोर असताना रेष शून्यातून झपकन खाली जाते. ईसीयूने पकडायचा क्षण तोच. सेल्फ मारताना हा सिग्नल व्होल्टभरही नसतो, रेस दिली की दहा व्होल्टच्याही कितीतरी वर जातो. त्याला माणसात आणायला व्हीआर कंडिशनर नावाचं सर्किट लागतं. ते आपल्या ईसीयूत आहे का, हे विकत घेण्याआधी विचारा.

आणि वायरी उलट जोडल्या तर? मी जोडल्या. जुन्या हार्नेसमधले दोन्ही रंग धुळीने सारखेच तपकिरी झाले होते. गाडी सुरू झाली, आयडलही धरला, आम्ही चहा मागवला. ३५०० च्या पुढे मात्र मिसिंग. प्लग बदलले, कॉइल बदलली, इंधनाचा तक्ता दोनदा लिहिला. दोन रविवार गेले. शेवटी कोणाचा तरी छोटा यूएसबी ऑसिलोस्कोप आणला आणि चूक पडद्यावर उघडी पडली. उलट जोडलेल्या सेन्सरची शून्यातून खाली जाणारी बाजू दाताच्या समोर नव्हती, दोन दातांच्या मधल्या खोबणीत होती. साधारण दातांमध्ये ते कसंबसं निभावतं. गाळलेल्या दोन दातांच्या लांब खोबणीत मात्र ती रेष आळसावून शून्याशी घुटमळते, आणि नेमकी कुठे ओलांडली ते वेगागणिक बदलतं. ईसीयू फेरीची सुरुवातच हरवून बसत होता. दोन पिना अदलाबदल केल्या, काम झालं.

स्कोप नसेल तर टाइमिंग लाइटने तपासता येतं. सॉफ्टवेअरमधून ठिणगी १० अंशांवर पक्की करायची, पुलीवरची खूण दिव्याखाली बघायची. आधी खूण खरोखर १० वर दिसेपर्यंत ऑफसेट बदलायचा. मग रेस देत जायची. १००० ला आणि ४००० ला खूण जागची हलता कामा नये. सरकत असेल तर पोलॅरिटी किंवा कंडिशनर बिघडला आहे. ही कसोटी लागल्याशिवाय गाडीवर लोड टाकू नका. क्रँकची वायर पीळ दिलेली आणि शील्डची हवी, शील्डचं एकच टोक, ईसीयूकडचं, अर्थ करायचं आणि प्लगच्या वायरींपासून तिला लांब न्यायचं.

एक्झॉस्टमधला जुना ऑक्सिजन सेन्सर ठेवायचा का? त्याचं खरं काम स्विचचं. मिश्रण जाड झालं की ०.९ व्होल्टकडे, पातळ झालं की ०.१ कडे, आणि मधला ०.४५ चा उंबरठा तो पटकन ओलांडतो. आयडल आणि आरामाच्या चालीत इंधन नेमकं ठेवायला तो चांगला आहे. पूर्ण रेसमध्ये मात्र मिश्रण किती जाड आहे हे तो सांगू शकत नाही, ‘जाड आहे’ एवढंच सांगतो. ट्यूनिंगला वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण आकड्यात सांगणारा ऑक्सिजन सेन्सर, हवाच. बहुतेक किटमध्ये बॉशचा एलएसयू ४.९ असतो आणि त्याला स्वतःचा कंट्रोलर लागतो. तो नुसता ईसीयूच्या पिनेला जोडून चालत नाही. आणि आकडे लॅम्बडात वाचा. शुद्ध पेट्रोलला हवा आणि इंधनाचं नेमकं प्रमाण १४.७ हे पाठ असलं तरी आपल्या पंपावरच्या ई-२० चं ते साडेतेराच्या आसपास येतं. लॅम्बडा १ म्हणजे नेमकं मिश्रण, तो दोन्हीकडे १ च राहतो.

नॉक, म्हणजे सिलिंडरमधला घातक ठोका, ऐकणारा नॉक सेन्सर ठेवा, पण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. हा पायझो मायक्रोफोन आहे, त्याला व्हॉल्व्हचा आवाजही तितकाच ऐकू येतो. ८० मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये नॉकचा सूर ७.२ किलोहर्ट्झच्या जवळ असतो. ईसीयूत त्या सुराचा फिल्टर लावता येत नसेल तर सेन्सर शोभेचा. बोल्टही मनाने आवळू नका. बॉशच्या वर्तुळाकार सेन्सरला २० न्यूटन-मीटर लागतात, जास्त आवळला तर बहिरा होतो.

हे सगळं जुन्या गाड्यांना. नव्या गाड्यांत काही सेन्सर व्होल्टेजमध्ये बोलतच नाहीत, सेंट नावाच्या डिजिटल भाषेत आकडे पाठवतात, आणि ते न समजणाऱ्या ईसीयूला त्या वायरीवर नुसती खरखर दिसते. शिवाय अर्धी गाडी कॅन नावाच्या सामाईक वायरींवर ईसीयूच्या निरोपाची वाट बघत असते. तिथे हा खेळ वेगळा आहे. आणि रस्त्यावरच्या गाडीत हा खेळ करूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाडीची प्रदूषण यंत्रणा कंपनीच्या ईसीयूशी इतकी बांधलेली आहे की तो काढला तर तीही गेली.

दुरुस्त वायरी घेऊन चौथ्या रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चावी ऑन केली. गाडीतल्या इंधन पंपाचा फ्यूज काढून ठेवला होता. लॅपटॉपवर कूलंट २४, आत जाणारी हवा २४. दोघांचं जमलं, कारण रात्रभर थंड झालेल्या गाडीत त्यांचं जमायलाच हवं. मॅप ९५. थ्रॉटल शून्य. सेल्फ मारला, आरपीएम २२० वर स्थिर, दातांच्या मोजणीचा सिंक एकदाही सुटला नाही. मग फ्यूज बसवला. दुसऱ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. कूलंट ५० वर गेला, ७० वर गेला, ९२ ला पंखा लागला. मित्राने रेडिएटरची वरची नळी हाताने चाचपली आणि हात झटकन मागे घेतला.

किटली परत घरात गेली नाही. सेन्सरला लागलेलं कूलंट तिच्यात उतरलं होतं आणि ते विषारी असतं. ती आता पार्किंगमध्येच असते, थर्मोस्टॅट कितीला उघडतो ते बघायला.